लिफ्टची भीती

आईला लिफ्टची भीती वाटते, हे सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या त्यांच्या अख्ख्या ब्लॉकला वरदनंच सांगून ठेवलं होतं. सोळाव्या मजल्यावरच्या फ्लॅटपर्यंत ती रोज जिना चढून यायची, तेही पाठीवर तांदूळ-भाजीची जडशीळ सॅक घेऊन. त्याचा जीव तुटायचा.

२०१५च्या डिसेंबरात घरचे सगळे जॉर्डनला फिरायला गेले. तिथं वाळवंटातल्या एका घळीतून वर कड्यावर चढायचं होतं; पायवाट अशी नव्हतीच, नुसत्या शिळांवर शिळा.

"आई, तू जीपमध्येच थांब," वरद म्हणाला.

आईनं बुटांच्या नाड्या आवळल्या.

दुपारी शेवटच्या कड्याखाली वरदनं चक्क बसकण मारली. छातीचा भाता झाला होता. तेवढ्यात वरून आईचा हात खाली आला. तो धरून वरद कसाबसा माथ्यावर पोचला. खाली अख्खी तांबडी घळ उन्हात पसरली होती आणि आईला साधी धापही लागली नव्हती.

"लिफ्टला घाबरणारी बाई तू! हे जमलं कसं?"

"घाबरते असं तूच ठरवलंस. मी फक्त गप्प बसले," आई हसली. "सराव चाललाय म्हटलं असतं, तर चढू दिलं असतंस?"