कपावरचं नाव

इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या बाजारातल्या आमच्या कॅफेत डोरीन सगळ्यांनाच 'राजा' नाहीतर 'सोन्या' म्हणायची, मग गिऱ्हाईक पाच वर्षांचं असो की पंच्याऐंशीचं. एका बाईंनी त्याची लेखी तक्रार केली. सोमवारी मॅनेजर कॉलिनने आम्हा दोघींना बोलावून सांगितलं, "आजपासून हे लाडाचं बोलणं बंद. गिऱ्हाइकाला नाव विचारायचं, कपावर लिहायचं आणि त्याच नावाने हाक मारायची."

"अरे सोन्या, एकतीस वर्षं मी..."

"मलाही म्हणायचं नाही, डोरीन."

डोरीन काउंटरवर गेली. वीस वर्षं रोज सकाळी येणारा मासेवाला स्टॅन समोर उभा राहिला, तर तिने अदबीने विचारलं, "नाव काय लिहू आपलं?"

मी कॉलिनचा नवा नियम सांगितला, तसा स्टॅन खो खो हसला. "कॉलिनची बरी जिरवतेयस!"

पुढच्या प्रत्येकाला ती तेच विचारत गेली. आम्ही पोट धरधरून हसलो.

दुपारी तिची मुलगी जॅनीन चहाला आली.

"नाव काय लिहू आपलं?"

"आई, पुरे झालं आता!" जॅनीनलाही हसू आवरेना.

डोरीन कपावर पेन टेकवून तशीच थांबून राहिली. हळूहळू जॅनीनचं हसू मावळलं.

"जॅनीन," मुलगी कशीबशी म्हणाली.

डोरीनने एकेक अक्षर जपून लिहिलं आणि मान वर केली.

"गोड नाव आहे हो. कुणी ठेवलं?"