खिडकीतला हंडा

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिनं आपल्या चित्रांविषयीचं निवेदन तिसऱ्यांदा लिहून काढलं. ‘हवेत तरंगणारे हे हंडे म्हणजे गुरुत्वाकर्षणाला दिलेला नकार आहे...’ मोठ्या बहिणीनं कागद वाचला, भिंतीवरची चित्रं एकेक करून पाहिली आणि तिला हसूच आलं.

“नकार कसला गं! आठ वर्षांची होतीस, पाय मोडून तीन महिने खाटेवर पडून होतीस. मी पाणी घेऊन खिडकीखालून जायचे, तेव्हा तुला नुसता हंडाच दिसायचा.”

तिला आठवलं. कोवळ्या उन्हात पितळेचा हंडा खिडकीच्या चौकटीत उगवायचा, संथ तरंगत यायचा, मधोमध क्षणभर थांबायचा आणि निघून जायचा.

“पण ताई, तो मधेच थांबायचा का?”

“तुला नीट दिसावा म्हणून मी टाचा उंचावून उभी राहायचे. अर्धं पाणी अंगावर सांडायचं. मग आईची बोलणी.”

भिंतीवरचे हंडे तिला किंचित हलल्यासारखे वाटले. तिनं कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एकच ओळ लिहिली : ‘या प्रत्येक हंड्याखाली माझी ताई टाचा उंचावून उभी आहे.’