उजवा पाय

“पाय हलला की पैज हरलात,” आई मागच्या सीटवरून म्हणाली. “मग पोरगी उद्या बसनेच जाईल कामाला. नाही हलला, तर किल्ली तिची.”

“कबूल,” म्हणत बाबा सीट मागे घ्यायला खाली वाकले. बराच वेळ वाकूनच होते.

लेकीने आरसा नीट केला. परवाना परवाच हातात पडला होता. नवी नोकरी उद्यापासून, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि मध्ये आडवा हा पाय.

बाबांनी उभी हयात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काढली. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही ब्रेक असायचा. बाबा निवृत्त झाले, पायाला मात्र कुणी कळवलंच नाही. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला, तरी ते सोफ्यावर बसून सतरंजी दाबत. शेजारी बसून थोरल्याला त्यांनी इतकं भंडावलं की त्याने सायकल घेतली.

“निघू?”

“मला काय विचारतेस? आरशाला विचार.”

हा सल्ला चौथा. पहिले तीन घरी चहाबरोबर झाले होते.

पाचवा: पुढच्याने इंडिकेटर दिला म्हणजे तो वळेलच असं नाही.

सहावा: मागचा हॉर्न वाजवतोय? वाजवू दे. त्याचा हॉर्न, त्याची बॅटरी.

सातवा आईचा. “अहो, तिला श्वास तरी घेऊ द्या!”

पंपावर हवा भरायची होती. टायरची हवा बाबा कधी कुणावर सोपवत नसत. आज म्हणाले, “तूच उतर. शिकायला हवं.”

लेक हरखलीच.

मैदानाच्या कोपऱ्यावर रस्त्यात चेंडू आला. चेंडूमागे कुत्रं. तिने कचकन ब्रेक दाबला. बाबांची सीट कुरकुरली. गाडी थांबली. कुत्र्याने चेंडू तोंडात धरला, तिघांकडे तुच्छतेने पाहिलं आणि चालतं झालं.

तिने भीत भीत शेजारी नजर टाकली. बाबांच्या कपाळावर घाम डवरला होता. पाय जागच्या जागी.

“नाही हलला!” दोन सीटच्या फटीतून त्यांच्या गुडघ्यावर डोळा ठेवून बसलेली आई ओरडली. “अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“विश्वास आहे माझा पोरीवर,” बाबा म्हणाले.

लेकीचे डोळे भरून आले.

“सल्ला आठवा,” बाबा म्हणाले. “रडायचं ते गाडी बाजूला घेऊन.”

घरी पोचल्यावर त्यांनी स्वतः किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. “व्हा तुम्ही पुढे. मी आलोच.”

जिन्यापाशी तिला आठवलं, पर्स गाडीतच राहिली. ती उलट पावली आली, बाबांच्या बाजूचं दार उघडलं. बाबा दुमडून पायाशी वाकले होते.

“सल्ला नववा,” ते वर न बघताच पुटपुटले. “कात्री आण. आणि आईला सांगू नकोस.”

उजव्या बुटाची नाडी सीटखालच्या दांड्याला बांधलेली होती, आणि गाठ चांगलीच आवळली होती.