तानपुऱ्यावरचा तळवा

संगीत विशारदच्या तोंडी परीक्षेसाठी संघमित्राचे बाबा शिफ्टला जाण्याआधी वही उघडून प्रश्न विचारत. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलच्या खडखडाटात त्यांची तीस वर्षं गेली होती. “धमार तालाच्या मात्रा किती?” “दहा,” ती घाईत बोलून गेली. “बरोबर!” वहीत तर चौदा लिहिलेल्या होत्या. तिनं हळूच विचारलं, “बाबा, तुम्हाले ऐकू येऊन नाही राहिलं काय?” “बरोबर!” बाबा कौतुकानं म्हणाले. तिनं तानपुरा आणला, त्यांचा राकट तळवा भोपळ्यावर टेकवला आणि तारा छेडल्या. बाबांनी डोळे मिटले. “थांब पोट्टी. मधल्या दोन तारा भांडून राहिल्या. मिलमधली बेअरिंग बिघडली की हाताले असंच लागते.” तिनं कान दिला, एक तार खरंच किंचित उतरली होती. तारेत ओवलेला मणी सरकवत तिनं ती जुळवली, तेव्हा मिटल्या डोळ्यांनीच बाबा म्हणाले, “बरोबर.”