मागचे तीन डबे

शेवटचा डबा जवळजवळ रिकामा दिसला आणि राइलीने लेकीचा हात धरून तिला तिथेच चढवलं. बॅगा ओढणारी माणसं फलाटावरून पुढे पुढे चालली होती. पुढे गर्दी होती. रिकामा डबा सोडून गर्दीत जाऊन बसणारा फिनलंडचा माणूस अजून जन्मायचाय.

डब्यात एकच म्हातारा होता. शेजारच्या सीटवर टोमॅटोच्या रोपांचा ट्रे ठेवून तो पेंगत होता. मायलेकी त्याच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसल्या.

राइलीचा मोजा गुडघ्यावर फाटला होता. सहासष्टाव्या वर्षी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली उतरायचं म्हणजे एवढं व्हायचंच. सकाळी कामावर जाताना जावयाने दाराला बाहेरून कुलूप घातलं. आत बायकोबरोबर सासूही आहे, याची त्याला काही अडचण वाटली नाही. काल विमानतळावरून त्यानेच तिला कारमधून आणलं होतं. बॅगसुद्धा उचलू दिली नव्हती.

"रोज लावतो कुलूप?"

"मी विसरभोळी आहे ना. दार उघडं टाकते म्हणे," वेन्ला म्हणाली.

गाडी सुटली. हेल्सिंकीचं विमान पावणेतीनला होतं. दिवसातून तेवढं एकच.

"ही विमानतळावर जाते ना?" राइलीने विचारलं.

"पाटीवर तसं होतं."

"तसं होतं म्हणजे? तीन वर्षं राहतेस इथं जर्मनीत."

"मला ट्रेनने कुठे जाऊ दिलंय, आई? जिथंतिथं हेनिंगच न्यायचा." वेन्लाने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "त्या आजोबांना विचारू?"

"राहू दे. झोपलेत. उगाच कशाला त्रास द्यायचा?"

राइलीच्या घरात कोणी कोणाला उगाच काही विचारत नसे. दर रविवारी फोनवर "बरं चाललंय ना?" आणि "चाललंय" एवढं झालं, की दोघी बर्फाबद्दल बोलत. त्या सगळ्या रविवारांची राइलीला आता लाज वाटत होती.

तिसऱ्या स्टेशनवर वेन्लाची बोटं तिच्या मनगटात रुतली.

फलाटावर हेनिंग उभा होता. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. जेवायला घरी आला असणार आणि तसाच कार काढून गाडीच्या पुढे येऊन थांबला असणार. विमान एक, गाडी एक. शोधायला त्याला कसले कष्ट! तो धावत नव्हता. पुढच्या डब्यांच्या खिडक्यांतून निवांत डोकावत गेला आणि अगदी पहिल्या डब्यात चढला.

"आता एकेक डबा बघत मागे येईल," वेन्ला पुटपुटली.

दोघी डब्याच्या टोकाच्या दाराकडे बघत बसल्या. दार उघडलं नाही. एक स्टेशन गेलं. तरी कोणी आलं नाही.

पुढच्या स्टेशनवर गाडी थांबली ती सुटेचना. पुढून कुठूनतरी लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग कोणीतरी जर्मनमध्ये काहीतरी सांगायला लागलं. ते ऐकता ऐकता वेन्लाचा चेहरा उतरला.

"गाडी इथं तोडतात, आई. पुढचे तीन डबे विमानतळाला. मागचे तीन आल्टनरोडेला. मधून जायला वाटच नाही."

"मग चल ना, ऊठ!" राइली बॅग उचलून दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली.

हेनिंग खाली उतरला होता. एक हात पुढच्या डब्याच्या दारावर ठेवून तो मागे बघत होता. चुकीच्या डब्यात बसलेले पाचसात जण बॅगा सांभाळत त्याच्याजवळून पळाले. त्याने प्रत्येकाचा चेहरा नीट पाहिला. राइली मागे सरली.

शेवटी तो पुन्हा आत चढला आणि दारं लागली. पुढचे डबे सुटून गेले. त्यांच्याबरोबर पावणेतीनचं विमानही गेलं. तरी दोघींनी श्वास सोडला.

मग मागचे डबे हलले. थोड्याच अंतरावर पुढचे तीन डबे शेजारच्या रुळावर सिग्नलला थांबले होते. यांची गाडी त्यांच्याजवळून अगदी सावकाश चालली. एकेक खिडकी समोरून गेली. शेवटच्या खिडकीत हेनिंग उभा होता.

तो चिडलेला दिसत नव्हता. त्याने वेन्लाकडे पाहिलं, मग सासूकडे पाहून मान लववली आणि खिशातून फोन काढून कानाला लावला.

"कोणाला करतोय?"

"त्याच्या आईला. ती आल्टनरोडेला असते. त्याचा भाऊही तिथंच." वेन्ला खिडकीपासून मागे सरली. "दोघं स्टेशनवर येऊन उभे राहतील."

"त्याआधी कुठं थांबते ही? कुठं उतरता येईल?"

"मला नाही गं माहीत, आई."

राइली उठली. हलत्या डब्यातून सीटांना धरत धरत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. आयुष्यात तिने परक्या माणसाला कधी झोपेतून उठवलं नव्हतं. तिने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याने डोळे उघडले. फाटका मोजा पाहिला, मागोमाग येऊन उभी राहिलेली वेन्ला पाहिली, आणि रोपांचा ट्रे उचलून मांडीवर घेतला.

"बस तिथं," राइली लेकीला म्हणाली. "ह्यांना सांग."

"काय सांगू?"

"जे मी तीन वर्षं विचारलं नाही, ते."