गल्लीची कार्डं

कमलम्माच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. मोहोळहून आलेलं ते पत्र गुरुसिद्धप्पांच्या कोटाच्या खिशातच होतं. ‘अप्पा, न्यायला कधी येता? पहिलं बाळंतपण माहेरीच, असं आईनं कबूल केलंय.’ पत्र आलं त्याच दुपारी कमलच्या आईला, शांतम्माला, उलट्या-जुलाब सुरू झाले. सकाळी ती गेली.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. सोलापुरात त्यांच्या गल्लीत पटकी शिरली होती. नळाच्या पाण्याला गटाराचा वास यायचा. वाचनालयातून निवृत्त झालेले गुरुसिद्धप्पा बोलायला बुजत, पण अक्षर वळणदार. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक मरणाचं कार्ड त्यांच्याच हातचं. अशा कार्डावर वर ‘श्री’ घालायचा नाही. वाचणाऱ्यानं ते घरात ठेवायचं नाही. फाडायचं, आणि मिळेल त्या गाडीनं निघायचं.

आज स्वतःच्या घरचं कार्ड समोर होतं. त्यांनी पेन उचललं, ठेवलं. शांतम्माबद्दल लिहायची आपली लायकीच नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

शेजारचा ईरप्पा दारात आला. “अण्णा, अजून कोरंच? अख्ख्या गल्लीची लिवलीत, आन् सोताच्या लेकीला कळवायला हात जड झाला व्हय?”

“लिहितो.”

“लिवा की. पोरगी यील, गळ्यात पडून रडंल, तुमालाबी हलकं वाटंल.” तो उंबऱ्याशी टेकला. “दगडाबाईकडं परत रडारड हाय. नवरा गेला म्हणून अक्कलकोटची बहीण भेटायला आल्ती, तीबी गेली पहाटं. हितलं पाणी प्याली, दुसरं काय.”

गुरुसिद्धप्पांनी वर पाहिलं. “तिला कुणी कळवलं होतं?”

“आता! कार्ड तुमीच लिवल्यालं की.”

त्यांनी कोरं कार्ड दूर सारलं. मग हळूच म्हणाले, “आणि तुझा मेव्हणा? तोही माझ्या कार्डावरच आला आणि गेला ना?”

ईरप्पानं मान खाली घातली.

तो गेल्यावर गुरुसिद्धप्पांनी कार्ड पुढे ओढलं. आता शब्द अडले नाहीत. चपला न घालताच ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले.

पेटीत पडलेल्या कार्डावर वर मधोमध ‘श्री’ होता. खाली लिहिलं होतं: ‘चि. कमल, तुझी आई सुखरूप आहे. घराला चुना द्यायचं काम काढलंय, म्हणून बाळंतपण तिकडंच होऊ दे, असं ती म्हणते. मी कळवेपर्यंत येऊ नकोस.’