रोह्याची शाखा

पुण्याला शिकून आलेल्या नितेशने त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आपल्या आत्याच्या पेणच्या खानावळीत भिंतीला हा एवढा मोठा कागद चिकटवला. त्यावर नव्या शाखांचा बेत: यंदा रोहा, पुढच्या वर्षी कासू, मग नागोठणं. धोंडुआत्याच्या खानावळीची रीत सगळ्या पेणला माहीत होती. जेवण केळीच्या पानावर, उष्टी पानं मागच्या गोठ्यातल्या म्हशीला आणि म्हशीचं ताक पुन्हा गिऱ्हाइकाला. कचऱ्याचा डबा म्हणून नव्हताच.

"हेच सगळं रोह्याला न्यायचं," नितेश म्हणाला. "स्टेशनासमोर जागा बघून ठेवलीय. मालकाला आज संध्याकाळपर्यंत होय-नाय कळवायचंय."

आत्याने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"थितं पानं कोन खानार?"

नितेशला हसू आलं. "कचऱ्याची गाडी येते की, आत्या. आणि ताकाला दूध डेअरीचं."

 आत्या उठून गोठ्यात गेली ती गेलीच. दुपारची पंगत हाताखालच्या मालूने एकटीने वाढली. चार वाजले तेव्हा नितेशने काय ते ओळखलं आणि मुकाट्याने कागद उतरवायला घेतला.

तेवढ्यात आत्या पदराला हात पुसत आली.

"ऱ्हाऊ दे तो. रोह्याला फोन लाव, जागा आमाला पायजे म्हनावं."

नितेशने झेप घेऊनच फोन उचलला. "कधीपासून सांगू?"

"म्हशीला आताच पारडी झाली हाय. तीन-चार वर्सांत दुधाला येल. तवापासून सांग."